झूमध्ये व्हॉलंटियर म्हणून जावं का? मी म्हणतो जावं, पण जाळीच्या बाहेर उभं राहायला

धागाकर्ता (संभाजीनगर):
मी रविवारी झूमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातो. बरीच पोरं वाघाचं पिल्लू मांडीवर घ्यायला मिळेल म्हणून येतात आन पुढच्या रविवारी गायब. खरं काम आहे माणसं सांभाळायचं. वाघ झोपलेला दिसला की तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं लोकांना, मग शिट्ट्या मारायच्या, जाळी वाजवायची, खडे फेकायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ‘३८-जे’ (38J) आहे, झूतल्या प्राण्याला छेडणं गुन्हा आहे, पण हे कुणाला माहीतच नाही. मागं एक बाई लेकराच्या हातानं सांबराला कुरकुऱ्याचा पुडा देऊ लागली, मी लेकराला म्हणलं बाळा, हे प्लास्टिक पोटात गेलं की तिथंच साचून राहतं, मग त्याला चारा जात नाही. लेकरानं लगेच हात मागं घेतला. एवढ्यासाठी तरी माणूस तिथं पाहिजे.

येडशीकर:
दादा, मेहनत खरी आहे तुमची, पण जागा चुकली. टिपेश्वरचा वाघ यवतमाळ जिल्ह्यातून चालत आमच्या येडशीच्या अभयारण्यात आला, आणि आपण त्याच जातीला जाळीत ठेवून तिकीट लावायलोत. तुमच्या संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरे वाघ बघायला लोक जातात, पण पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाच्या वंशात जवळच्या नात्यातच जोड्या लावून लावून ती पैदास वाढवली. ह्यात संवर्धन कुठंय?

परभणीचा व्हेट स्टुडंट:
मला दोघांचंही पटत नाही. सकाळी पिंजऱ्यात मांस किती उरलं, शी पातळ आहे का, वाघ उठताना कुठला पाय जपतो, हे कीपरला, म्हणजे रोज प्राणी सांभाळणाऱ्या माणसाला, आमच्या आधी कळतं. हे पुस्तकात सापडत नाही. उद्या जंगलातला जखमी बिबट्या आणला तर त्याला सांभाळणारा हात झूमध्येच तयार होतो. व्हॉलंटियरला आत घ्या, कीपरच्या मागं मागं फिरू द्या.

जालनेकर:
आत घ्या म्हणणं सोपंय. माझा चुलतभाऊ एका झूमध्ये ठेकेदाराकडं होता, पगार कायम लांबलेला, हातमोजे स्वतःचे. फुकट राबणारी पोरं मिळाली की ठेकेदार आणखी दोन माणसं कमी करणार, आणि पिंजऱ्याच्या दोन्ही दारांची कडी लागली का हे बघायला थकलेला एकटा माणूस उरणार.

धागाकर्ता:
जालनेकर, एकदम बरोबर. कडी, पाणी, मांस ह्याला व्हॉलंटियरनं हात लावूच नाही, ते पगारी माणसाचंच काम. येडशीकर, पांढऱ्या वाघाची पैदास थांबावी हे मलाही वाटतं. पण आज जे प्राणी आत आहेत त्यांचं काय? पिंजऱ्यात जन्मलेला वाघ सोडला तर शिकार येत नाही त्याला आन माणसाची भीती नाही, तो सरळ गावात शिरेल. त्याला मरेपर्यंत सांभाळायचंय, तोवर खडे तरी कुणी मारू नाही.

येडशीकर:
सांभाळा, नाही कोण म्हणतंय. पण नवीन पिल्लं कशाला? आणि लेकरांना पाटोद्याजवळ नायगावच्या अभयारण्यात न्या ना. तिथं मोर दिसला तर दिसला, नाहीतर नाही. वाट बघायला शिकलेलं लेकरू झोपलेल्या वाघाला खडा मारणार नाही.