न बोललेलं वाक्य अवतरणचिन्हांत छापलं, तर नेत्यानं कोर्टात जावं का?

रामबागकर

आमच्या भागातल्या एका माजी पार्षदांनी (म्हणजे नगरसेवकांनी) इंदूरच्याच एका सांजदैनिकाला बदनामीची नोटीस पाठवली आहे. नावं घेत नाही, कारण मला त्या माणसापेक्षा मुद्द्यावर बोलायचं आहे.

झालं असं. सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारात, रात्री लागणाऱ्या खाण्याच्या ठेल्यांबद्दल दुकानदारांची बैठक होती. पार्षद तिथे म्हणाले, की आग लागली तर बंब आत शिरायला वाट नाही, तेव्हा ठेल्यांची संख्या ठरवून टाका आणि जे वर्षानुवर्षं बसताहेत त्यांना आधी जागा द्या. त्याच संध्याकाळी पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि त्याखाली अवतरणचिन्हांत मथळा: "ठेलेवाल्यांना सराफ्यातून हाकला!" बैठकीचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे, मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. हे वाक्य त्यात कुठेच नाही. रात्री ठेलेवाले त्यांच्या दारात जमले, घरच्या बायकामुलांना नको नको ते ऐकावं लागलं. काही दिवसांनी आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी, दोन ओळींचा खुलासा आला. तो किती जणांनी वाचला असेल?

मी त्या पार्षदांना कधी मत दिलेलं नाही, पुढेही देईन असं नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी कोर्टात जावं. त्यांना निष्क्रिय म्हणा, संधिसाधू म्हणा, त्यांच्या कामावर रोज अग्रलेख लिहा, ते त्यांनी मुकाट्यानं सोसलं पाहिजे. पण अवतरणचिन्हं टाकली की पेपर स्वतःचं मत सांगत नसतो. "हा माणूस असं बोलला" अशी तो साक्ष देत असतो, आणि साक्ष खोटी निघाली तर जाब द्यावाच लागेल.

छापखान्याजवळ

काका, तुमचा राग समजतो. पण नेता आणि सांजदैनिक हे बरोबरीचे पक्ष आहेत असं धरून तुम्ही बोलताय. आमचा छोटा छापखाना होता, अशा पेपरांचं अर्थकारण मी लहानपणापासून बघितलंय. पाचसहा माणसं, पगार महिना उलटून गेल्यावर. नोटीस आली की संपादक, मुद्रक, प्रकाशक, वार्ताहर सगळ्यांची नावं त्यात. प्रत्येक तारखेला त्यांचं एक दिवसाचं काम बुडणार. नेत्याच्या बाजूनं वकील जाईल, त्याची स्वतःची कामं चालूच. निकाल काहीही लागो, शिक्षा आधीच भोगून झालेली असते.

शिवाय पार्षदांकडे माइक आहे, कार्यकर्ते आहेत, मोबाइल आहे. ते रेकॉर्डिंग त्याच रात्री टाकलं असतं तर सकाळपर्यंत पेपर उघडा पडला असता. तामिळनाडूत जयललितांच्या सरकारनं बदनामीच्या खटल्यांचा धडाका लावला होता, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सार्वजनिक जीवनातल्या माणसानं टीका सोसायला शिकलं पाहिजे. हे हत्यार एकदा नेत्यांच्या हाती रुळलं की ते खोट्या अवतरणापाशी थांबणार नाही. निगमच्या टेंडरची खरी बातमी लिहिणाऱ्यावरही तेच चालेल.

रामबागकर

तामिळनाडूतले खटले प्रामुख्यानं टीकेवरचे होते. सरकारवर, कारभारावर, नेत्याच्या तब्येतीवर कोणी काय लिहिलं यावरचे. त्या खटल्यांच्या मी तुमच्याइतकाच विरोधात आहे. इथे टीका कुठे आहे? पार्षदांच्या भूमिकेवर एक ओळ लिहिली नाही, त्यांची भूमिकाच बदलून टाकली.

आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकायचा म्हणजे काय? पेपरनं पहिल्या पानावर केलेलं नुकसान ज्याचं त्यानं आपल्या खर्चानं भरून काढायचं?

डेस्कवाला

मी अनेक वर्षं उपसंपादक होतो. असे मथळे कसे तयार होतात ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की कोणीतरी कट करून बसलेलं असतं.

वार्ताहराला एका दुपारी तीन कार्यक्रम गाठायचे असतात. तो बैठक अर्धी ऐकतो आणि पुढच्या कार्यक्रमाला जाताना फोनवर सांगतो: "ठेल्यांवरून पार्षद भडकले, हटवायला पाहिजेत म्हणाले." 'संख्या ठरवा' हे तिथेच गळतं. डेस्कवर पान सोडायची वेळ झालेली असते. मथळ्याला जागा एका ओळीची. त्यात 'हटवायला पाहिजेत' ढिलं वाटतं म्हणून कोणीतरी 'हाकला' करतो. शेवटी अवतरणचिन्हं येतात, आणि ती का येतात हे नीट समजून घ्या. डेस्कवर एक जुना समज आहे की अवतरणात टाकलं की जबाबदारी बोलणाऱ्याची, आपली नाही. पडताळणी झालेली नसते तेव्हाच ती चिन्हं सर्वात जास्त वापरली जातात.

हे त्या पेपरचं समर्थन नव्हे. ज्या शहरात राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी यांच्यासारख्यांनी पत्रकारिता केली, तिथे हे घडावं याचं वाईट वाटतं. तरी मी खटल्याच्या विरोधात आहे. नोटीस आल्यावर वृत्तकक्षात पडताळणी वाढलेली मी पाहिली नाही. वाढतं ते नेत्याच्या कार्यालयातून आलेलं प्रेसनोट जसंच्या तसं छापण्याचं प्रमाण. वाचकाच्या हाती तेवढंच उरतं.

सुदामानगर

डेस्कवाले दादा, हे वाचून तर मी काकांच्या बाजूला गेले. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ती चिन्हं जबाबदारी ढकलण्यासाठी टाकतात. मग ती परत त्यांच्याच दारात नेऊन ठेवायची दुसरी कुठली सोय आहे?

वकीलताई

कायद्याचं थोडं सांगते, कारण 'कोर्टात जाणं' हा शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातोय.

एक फौजदारी तक्रार. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९-५००, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सामुदायिक सेवेची नवी तरतूदही आली आहे. दुसरा दिवाणी दावा: नुकसानभरपाई मागायची, तुरुंगाचा प्रश्न नाही, छापल्यापासून एका वर्षात दाखल करायचा.

नेते फौजदारीकडे का धावतात याचं कारण साधं आहे. दिवाणीत जेवढी भरपाई मागाल तेवढी कोर्ट फी वाढत जाते. फौजदारी तक्रारीला खर्च नगण्य, आणि समोरच्याला आरोपी म्हणून उभं राहून जामीन घ्यावा लागतो. 'छापखान्याजवळ' म्हणतात ती शिक्षा बहुतेक या रस्त्यानंच होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये एक चांगला बदल झालाय: खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण फौजदारी बदनामी रद्द झालेली नाही. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१६ रोजी ती घटनात्मक ठरवली, आणि प्रतिष्ठा हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पेपरच्या बाजूचा निकाल १९९४ चा, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू. सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या पदाच्या कामाबद्दलच्या मजकुरावरून भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे दाखवावं लागतं. पेपरनं वाजवी पडताळणी करून छापलं असेल तर चूक निघाली तरी तो सुटू शकतो. आता हे पार्षद माजी आहेत, त्यामुळे हा निकाल इथे कितपत लागू होईल यावर युक्तिवाद होईल. पण लागू झाला तरी पेपरला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: पार्षदांना एक फोन केला होता का?

नुसत्या शब्दबदलावर कोणी बदनाम ठरत नाही, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकानं अशाच अवतरणांवरून खटला भरला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये म्हटलं, की अवतरणातले शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यावरून भागत नाही, वाक्याच्या अर्थामध्ये मोठा फरक पडला पाहिजे. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण कसोटी समजण्यासारखी आहे. 'संख्या ठरवा' आणि 'हाकला' यांत फरक पडतो की नाही ते तुम्हीच ठरवा.

रामबागकर काका, एक कामाचं: ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तो फोन जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रतीवर विसंबू नका. कोर्टात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल.

छापखान्याजवळ

ताई, फौजदारी आणि दिवाणी वेगळं केलंत ते बरं झालं. पण दिवाणीचीही भीती काय असते ते बघा. २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीनं भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नावाच्या साधर्म्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. काही सेकंदच. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टानं १०० कोटींची भरपाई ठरवली, आणि अपील ऐकण्याआधी उच्च न्यायालयानं २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी मागितली. सावंतसाहेब स्वतः प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले, त्यांचा हेतू शुद्धच असणार. पण असला आकडा इंदूरच्या सांजदैनिकावर पडला तर दुसऱ्या दिवशी शटर खाली.

प्रेस कौन्सिल आहे ना? तिकडे जा.

वकीलताई

प्रेस कौन्सिल ताकीद देऊ शकतं, समज देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं. दंड करण्याचा अधिकार त्याला १९७८ च्या कायद्यानं दिलेलाच नाही. आधी संपादकाला लिहायचं आणि दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. जरूर करावी, पण दारात जमाव आलेल्या माणसाचं समाधान त्यानं होईल असं मी अशिलाला सांगणार नाही.

केसरीवाचक

ही चर्चा वाचताना एक गोष्ट राहवेना, म्हणून लिहितो. मराठी पत्रकारितेतला सर्वात गाजलेला बदनामीचा खटला नेमका याच प्रकारचा होता.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांनी लिहिली म्हणून काही पत्रं पुण्यात टिळक-आगरकरांच्या हाती आली, आणि त्यांच्या आधारे 'केसरी' आणि 'मराठा'त मजकूर आला. बर्व्यांनी खटला भरला. पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले. सुटले तेव्हा लोकांनी त्यांचं वीरांसारखं स्वागत केलं.

आपण शाळेत हा प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून शिकलो. तो त्याग होताच, त्यांचा हेतू निर्मळ होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण बर्व्यांच्या जागी उभं राहून बघा. जे आपण लिहिलंच नाही ते आपल्या नावावर खपवलं गेलं, तर त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं?

छापखान्याजवळ

मग पुढचंही सांगा ना दादा. १८८३ च्या अखेरीस ते महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना वारले, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर. पत्रं बनावट असतील, पण महाराजांचे हाल खरे होते. कोर्टानं पत्रांचा निकाल लावला, महाराजांचं काय चाललंय हे कोणी विचारलं का? खटल्यानं आवाज बंद झाला तो त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा. मी हेच म्हणतोय.

केसरीवाचक

पुढचं सांगतो, आणि माझा मुद्दा तिथेच आहे. महाराजांचे हाल खरे होते, म्हणूनच ती बनावट पत्रं इतकी घातक ठरली. कोर्टात चर्चा महाराजांची व्हायला हवी होती, ती झाली हस्ताक्षराची. खऱ्या तक्रारीला खोटा कागद जोडला आणि तक्रारच बुडाली.

सराफ्याचंही तेच होतंय. ठेल्यांची संख्या कोणी ठरवायची, जुने कोण आणि नवे कोण, यादी कोणाच्या हातात राहणार, त्यात कोणाची माणसं घुसणार, हे सगळे प्रश्न पार्षदांना विचारण्यासारखे आहेत आणि अडचणीचे आहेत. त्यांचं खरं वाक्य छापलं असतं तर ठेलेवाल्यांनी हेच विचारलं असतं. आता ते 'मी हाकला म्हणालोच नाही' एवढं सांगून मोकळे होतात, आणि ते खरंही आहे. पेपरनं त्यांना त्यांच्याच भूमिकेच्या जबाबदारीतून सोडवलं.

डेस्कवाला

हे पटलं. आमच्या बैठकांत असं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

माझी सूचना एवढीच: जिथे मथळा होता तिथेच, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापावी, आणि पार्षद जे बोलले ते पूर्ण द्यावं. पान एकच, फोटोही तोच. तसं झालं तर खटल्याची गरज उरत नाही आणि वार्ताहराची नोकरीही वाचते. पहिल्या पानावर चूक कबूल करायला संपादकांचा हात धजत नाही, पण वाचक त्यामुळे पेपर सोडत नाही हे मी खात्रीनं सांगतो.

रामबागकर

दादा, नोटिशीत नेमकं हेच मागितलंय. पहिलं पान, तोच टाइप, पूर्ण वाक्य. पैशांचा उल्लेख नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे आणि पेपरकडून अजून उत्तर नाही. मुदत संपली आणि दिवाणी दावा पडला, तर रेकॉर्डिंग ज्या मुलाच्या फोनवर आहे त्याला घेऊन मी स्वतः साक्षीला जाणार आहे.

छापखान्याजवळ

साक्षीला जा काका, अडवणार नाही. दिवाणी असेल आणि मागणी दुरुस्तीची असेल तर मीही विरोधात बोलणार नाही, इथपर्यंत तुम्ही मला आणलंत. पण पार्षदांना आजच जाऊन सांगा: कलम ३५६ ची तक्रार टाकली, त्या वार्ताहर पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर जामिनाला मी उभा राहणार. तो पोरगा त्या पेपरात महिन्याला काय कमावतो ते मला माहीत आहे.