अनुभव धागा: जुना कॉम्प्युटर, थोडे पैसे, तुम्ही काय बदललं?

तापीकाठ (चोपडा)
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले तेव्हापासून घरात एकच विषय, डेस्कटॉप भंगारात द्यायचा का. भाचा म्हणाला, मामा, आता काढून टाका. ते ऐकलं आणि हा कॉम्प्युटर घरात आला तो दिवस आठवला. केळीचे पैसे हातात आले होते, वडिलांनी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून असेंबल करून घेतला आणि मॉनिटर मांडीवर धरून एसटीने आणला. आता वडील नाहीत. तो भंगारात जाणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. २४० जीबीची साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) लावली, रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी सेकंडहँड घेतली. जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी आतच ठेवली. फरक इतका की आई विचारते, नवा आणला का? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, प्रत्येक फाइलसाठी वाचणारं डोकं इकडून तिकडे हलतं आणि सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. प्रोसेसर नुसता वाट बघतो. एसएसडीत हलणारं काहीच नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं. सातबारा, बँक, मुलीचा अभ्यास, सगळं होतं.

तुम्ही काय काय केलं ते लिहा. वायफायचं जास्त लिहा, ते माझं बाकी आहे. घर धाब्याचं (मातीच्या छताचं) आहे.

केळीबाग (रावेर)
धाब्याचं म्हणजे भिंती दोन हात जाड. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ पहिल्याच भिंतीत संपतं, २.४ जरा आत जातं पण तेही मागच्या ओसरीला पोचत नाही. रिपीटर घेऊ नका, साधा रिपीटर ज्या हवेतून घेतो त्याच हवेत परत देतो, स्पीड निम्मा. वायर ओढा. कॅट-५ई, आणि अस्सल तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते पण वाकवली की आतून तुटते. दुसऱ्या टोकाला घरातलाच जुना राउटर लावा. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, आयपी म्हणजे त्याचा पत्ता वेगळा द्यायचा, वायर वॅनच्या (इंटरनेटच्या) नाही लॅनच्या (घरातल्या) पोर्टमध्ये. १०० मीटरपर्यंत चालते, खळ्यात पण वायफाय येईल.

सातपुड्याचा_पायथा (शहादा)
@केळीबाग भाऊ, खळ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर नको. मृगाच्या आधीच्या वळवात जवळपास वीज पडली तरी राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही जातात. आमच्या गल्लीत झालंय. घराबाहेर न्यायची तर फायबर म्हणजे काचेची तार, दोन्ही बाजूंना छोटा कन्व्हर्टर.

केळीबाग (रावेर)
बरोबर. घरातल्या घरात तांबं, बाहेर फायबर.

कापूसपिंजणी (साक्री)
आमनाकडे बी हाईच गत शे भो. वायर टाकली तरी स्पीड १०० च्या वर जाईना. राउटर गिगाबिट, प्लॅन ३०० चा. शेवटी क्लिप उघडून पाहिली तर लावणाऱ्या मुलाने आठपैकी चारच तारा बसवलेल्या. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. परत क्रिम्प केली, म्हणजे तारा क्लिपमध्ये दाबून बसवल्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. लगेच सुरू.

जंक्शनवाली (भुसावळ)
तुमचं वायफाय चालू द्या, मी उन्हाचं सांगते. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी पीसी आपोआप बंद, दुकानदार म्हणे मदरबोर्ड गेला. आमच्या यांनी कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसलेला. ब्रशने काढला, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी) पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. मदरबोर्ड ठणठणीत आहे. पीसी भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा निघायला जागा पाहिजे. कुकर झाला, जाते.

कापूसपिंजणी (साक्री)
ताई अगदी खरं. आमच्या घराजवळ जिनिंग आहे, दिवाळीनंतर कापसाचे तंतू सगळीकडे. दर हंगामाला उघडावाच लागतो.

निवृत्त_बाई (चाळीसगाव)
माझा साधा अनुभव. कॉम्प्युटर रोज तारीख २००९ दाखवायचा आणि बँकेची साइट उघडायची नाही, सुरक्षित नाही म्हणायची. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर-२०३२ सेल संपला होता. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासतात, तारीखच चुकीची तर कसं उघडणार. घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. एवढ्याशा सेलसाठी शेजारच्यांनी अख्खा पीसी विकला होता, फार वाईट वाटलं.

वांग्याचं_भरीत (पुणे)
हिवाळा लागला का तिकडे? बामणोदची वांगी निघाली का? इकडच्या वांग्यांना ती चव नाही 😭

केळीबाग (रावेर)
निघाली. शेतात काड्यांवर भाजून, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर. या लवकर.

वांग्याचं_भरीत (पुणे)
येतोच. आणि येताना अप्पांच्या लॅपटॉपसाठी रॅम आणायची आहे, डीडीआर-४ बसेल का?

तापीकाठ (चोपडा)
आधी कुठला आहे ते बघा. डीडीआर-३ आणि ४ ची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्ती करू नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. आणि डीडीआर-३ मध्येही बऱ्याच लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते, जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा, तसाच फोटो दुकानात दाखवा.

अर्धांगी_डीटीपी (अमळनेर)
लिनक्सवर मराठी टायपिंग होतं का? माझं काम इनस्क्रिप्ट कीबोर्डवर असतं. यांचा जुना पीसी मला मिळणार असेल तर विचारते 🙂

तापीकाठ (चोपडा)
होतं ताई, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको. पण डीटीपीची पेजमेकर, कोरल ही सॉफ्टवेअर लिनक्सवर धड चालत नाहीत. त्यावर काम असेल तर विंडोजच ठेवा, फक्त एसएसडी लावा.

लोडशेडिंग_नको (दोंडाईचा)
कोणी राउटरच्या छोट्या यूपीएसचं लिहिलं नाही. लाइट गेली की मुलाचा ऑनलाइन क्लास तुटायचा. आता त्यावर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही चालतात. घेताना अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२ ते बघा, चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो. ॲम्पिअरही बघा, दोन यंत्रांची बेरीज करून.

केळीबाग (रावेर)
@तापीकाठ भाऊ, वायर किती मीटर लागेल ते मोजलं का? माझ्याकडे अर्ध्याहून जास्त बॉक्स शिल्लक आहे, तांब्याचीच. शनिवारी चोपड्याला येतोय, घेऊन येऊ का?

तापीकाठ (चोपडा)
या भाऊ, जेवायलाच या. क्रिम्पिंगची पक्कड असेल तर तीही आणा.