शिकोकूच्या वाटेवर लोक हातात पैसे ठेवतात, ते घ्यायचे का?

सातारकरीण

जपानात शिकोकू बेटावर ८८ देवळांची पायी यात्रा असते, ती करते आहे. सगळी नाही. पूर्ण फेरा साधारण १,२०० किलोमीटरचा, तेवढी परवानगी गुडघे देत नाहीत. पहिल्या प्रांतातली, म्हणजे तोकुशिमातली २३ देवळं तेवढी करायची ठरवली आहेत. आज दहाव्या किरिहाताजीच्या ३३३ पायऱ्या चढले-उतरले, योशिनो नदी ओलांडली आणि आता अकराव्या देवळाजवळ मुक्कामाला आहे.

प्रश्न आजच्याच प्रसंगाचा. नदीच्या मधोमध एक मोठं बेट लागतं, नुसती शेतंच शेतं, माणूस औषधाला नाही. एक छोटा पांढरा ट्रक पुढे गेला, थांबला आणि रिव्हर्समध्ये मागे आला. सत्तरी ओलांडलेली बाई उतरली, पायात रबरी बूट. हातात संत्र्यांची पिशवी दिली. वर कागदी रुमालात घडी घालून ५०० येनचं नाणं, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास रुपये. मी ‘नको नको’ म्हणेपर्यंत तिनं माझी मूठ मिटवून वरून दोन्ही हातांनी दाबली. मग मलाच हात जोडून वाकली आणि गाडीत बसून गेलीसुद्धा.

मला हे अगदी नवीन नाही. बरीच वर्षं वारी केली आहे, लोणंद-फलटण पट्ट्यात लोकांनी आमच्या पोटऱ्यासुद्धा चेपल्या आहेत. पण तिथं मी घरची. इथं मी विमानाचं तिकीट काढून आलेली पेन्शनवाली बाई, भाषा येत नाही, त्यांच्या देवाचं नाव कालपरवा शिकलेली. तिचे हात बघितले तर कष्टाचे होते हो. तिच्याकडून मी पैसे घ्यायचे?

घेतले तर परत काय द्यायचं? माझ्याकडे राजगिऱ्याच्या वड्या आहेत, त्या चालतील का? गाडीतून सोडतो म्हणाले तर नाही म्हणता येतं का? आणि भाताचे गोळे दिले नि आत मासा निघाला तर काय करायचं? जाणकारांनी सांगा. उद्या बारावं देऊळ आहे, त्या चढाबद्दल वाचून आधीच पोटात गोळा आलाय.

ताकामात्सुवाला

ताई, नोकरीनिमित्त शिकोकूतच राहतो, पहिला फेरा तुकड्यातुकड्यांनी पूर्ण केला आहे. सांगतो.

याला इथं ओसेत्ताई म्हणतात. रीत अशी की यात्रेकरूनं ते नाकारायचं नसतं. यात्रेकरूबरोबर कोबो दाइशी, म्हणजे नवव्या शतकात होऊन गेलेले कूकाई, स्वतः चालत असतात अशी श्रद्धा आहे. तुमच्या हातातली काठी म्हणजे तेच. त्यामुळे बाई वाकली ती तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही. तुमचा धर्म, पासपोर्ट, पेन्शन कुणी विचारत नाही. पांढरा अंगरखा आणि काठी दिसली की पुरे.

परतफेड म्हणून पैसे अजिबात देऊ नका. त्यासाठी ओसामेफुदा असते, ती नावाची कागदी चिठ्ठी. देवळात दोन टाकता ना, एक मुख्य मंडपात नि एक दाइशींच्या मंडपात? तीच. तारीख, नाव, गाव लिहून दोन्ही हातांनी द्यायची. २३ देवळांना ४६ लागतात, वर पंधरा-वीस जास्त ठेवा. रात्रीच लिहून ठेवा, कारण रस्त्यावर ट्रक थांबलेला असताना पेन सापडत नाही. चार फेऱ्यांपर्यंत चिठ्ठी पांढरी, मग हिरवी, लाल, चंदेरी, सोनेरी, आणि शंभरच्या वर फेरे झालेल्यांची जरीच्या कापडाची. जुन्या घरांत अशा आलेल्या चिठ्ठ्या भाताच्या पेंढ्याच्या पोत्यात भरून आढ्याला टांगत, घराची राखण म्हणून. म्हणजे तुमची चिठ्ठी त्या बाईला कामाची असते, नुसती पोचपावती नाही.

नाणं पुढच्या देवळाच्या पेटीत टाका, बरेच जण तेच करतात. वड्या जरूर द्या, पण हिशोब चुकता केल्यासारख्या लगेच नको. गाडीला ‘पायी चाललेय’ म्हणून वाकून नाही म्हटलं तर कुणाला राग येत नाही.

मासा मात्र अवघड आहे. उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा गोळा असेल तर बहुधा निभावतं. आमच्या इकडच्या उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचं, पाणीच सुक्या माशाचं असतं, वरून कितीही साधं दिसो. दिलेलं घ्या, खाऊ नका, वाटेत दुसऱ्या यात्रेकरूला द्या.

निरेकाठची

मी कधी जपानला गेले नाही, पण देणाऱ्या घरातली आहे म्हणून लिहिते. आमचं घर माउलींच्या पालखीच्या वाटेवर. दोन दिवस आधीपासून चुलीवर भाकऱ्या सुरू, पिठल्याचं पातेलं एवढं की मी लहान असताना आत बसत असे.

सासूबाई होत्या तेव्हाची गोष्ट. एक वारकरी जेवले, चांगले शिकलेले दिसत होते. जाताना ताटाखाली शंभराची नोट ठेवून गेले. ताट उचलल्यावर सासूबाईंना ती दिसली. चपला न घालता दिंडीमागं धावल्या, त्यांना गाठलं, नोट हातात कोंबली आणि परत आल्या. दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. रात्री भांडी घासताना म्हणाल्या, “मला काही पंढरपूरला जाणं होत नाही. त्याच्या पायांनी जात होते, तर त्यानं भाडं चुकतं करून मला वाटेतच उतरवलं.”

तुमची ती ट्रकवाली गाडी वळवून मागं आली म्हणता. तिला तुमची गरज होती, तुम्हाला संत्र्यांची असेल-नसेल.

संशयात्मा

सगळं गोड आहे म्हणून दोन कडू शब्द.

एक, सगळा गाव दाइशींचा भक्त नसतो. २०१४ मध्ये याच वाटेवरच्या विश्रांतीच्या खोपटांमध्ये कोरियन लोकांविरुद्ध द्वेषाचे स्टिकर चिकटवलेले सापडले होते. ‘पासपोर्ट कुणी विचारत नाही’ हे बहुतेक वेळा खरं, नेहमी नाही. दुसरं, ओसेत्ताईवरच कायमचे जगणारे यात्रेकरूही वाटेवर आहेत. काही गावकरी त्यामुळे वैतागलेले असतात, कुणी तोंड फिरवलं तर मनाला लावून घेऊ नका. तिसरं, ताई, तुम्ही एकट्या आहात. फुकट मुक्कामाच्या जागा काही उत्तम असतात, काही म्हणजे नुसता पत्रा आणि चटई. उजेडात पोचा, पटलं नाही तर पैसे देऊन दुसरीकडे राहा. गाडीत बसायचं तर एकट्या पुरुषाच्या नको. भलेपणावर विश्वास ठेवा, पण मुक्कामाच्या घरवालीला उद्याचा रस्ता सांगून निघा.

ताकामात्सुवाला

@संशयात्मा, स्टिकरचं खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. बाकी एकट्या पुरुषाच्या गाडीबद्दल पूर्ण सहमत.

सातारकरीण

सगळ्यांचे आभार. काल शोसान्जी, म्हणजे ते बारावं देऊळ, झालं, आज सवडीनं लिहिते. यात्रेकरूला लोळवणारा चढ म्हणतात त्याला, आणि लोळवतोच. चढून वर गेलं की पुन्हा दरीत उतरवतात, मग पुन्हा चढ, ही कुठली पद्धत! मध्ये एका प्रचंड सुगी, म्हणजे जपानी देवदारासारख्या, झाडासमोर दाइशींचा मोठा पुतळा आहे, तिथं एक आजोबा काठीला टेकून बसले होते. त्यांनी मला मिठाच्या गोळ्या दिल्या आणि स्वतःची चिठ्ठी दिली, लाल! मी माझी पांढरी दिली. देवनागरीत लिहिलेलं नाव त्यांनी बोटानं अक्षरावरून अक्षर फिरवून बघितलं, मग पाकिटात ठेवलं. वडी मात्र मी थांबून, पाणी पिऊन, दहा मिनिटांनी दिली. @ताकामात्सुवाला, हिशोब झाला नसेल अशी आशा आहे. त्यांना आवडली, दुसरी मागून घेतली.

पाचशेचं नाणं बाराव्याच्या पेटीत टाकलं. @निरेकाठची, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून तसंच टाकलं, त्यात स्वतःचे काही मिसळले नाहीत.

@संशयात्मा, उतरताना पाऊस आला आणि गाडी थांबली. नवरा-बायको होते, मागच्या सीटवर कुत्रं, भरदुपार. मी ‘पायी’ म्हणणार होते, पण गुडघ्यांनीच होकार दिला आणि मी बसले. बाईंनी टॉवेल दिला, कुत्र्यानं मांडी दिली नाही.

आता अडचण वेगळी. चिठ्ठ्या संपत आल्या, फार वाटल्या गेल्या. तेराव्याला मिळतील का?

ताकामात्सुवाला

यात्रेच्या वहीत देवळाचा शिक्का मारून देतात त्या खिडकीवर बहुतेक देवळांत असतात, पांढऱ्या मागा. पण खिडकी ८ ते ५. पूर्वी ७ ला उघडायची, २०२४ पासून वेळ बदलली, तेव्हा जुन्या पुस्तकावर जाऊ नका. शिक्काही ३०० चा ५०० येन झालाय, सुट्टे ठेवा. आणि वड्या किती उरल्यात? ताकामात्सुला येणं होणार असेल तर मी चिठ्ठी लिहूनच ठेवतो.