विजापूर–गुलबर्गा–बिदर एकटीनं करायचंय, कुणी केलंय का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय ५६, यंदाच बँकेतून निवृत्त झाले. यजमानांचे गुडघे जिने चढू देत नाहीत, मैत्रिणी नातवंडांत अडकल्यात. आता कुणासाठी थांबायचं नाही असं ठरवलंय. डिसेंबरात जतमार्गे बसनं विजापूर, तिथून गुलबर्गा, मग बिदर आणि लातूरवरून परत असा बेत आहे. घाई अजिबात नाही.

मागं एका गावी लॉजवाल्यानं 'एकट्या बाईला खोली देत नाही' म्हणून रात्री नऊ वाजता मला परत पाठवलं होतं, त्यामुळे मुक्कामाची धास्ती आहे. कानडीचं एक अक्षर येत नाही. आणि एक प्रश्न वेडगळ वाटेल: गोलघुमटात या टोकाला कुजबुजलेलं त्या टोकाला ऐकू येतं म्हणतात. एकटीनं गेल्यावर त्या टोकाला ऐकायला कोण असणार?

रानवारा७२:
ताई, सोलापुरात गाडी आणि ड्रायव्हर ठरवा. सकाळी निघालात की गोलघुमट, मुलुखमैदान तोफ, इब्राहिम रोजा उरकून रात्री परत सोलापुरात. विजापूर एका दिवसात होतं. गुलबर्ग्यात खास काही नाही, वगळा. या वयात बसची दगदग कशाला?

भीमेपल्याड:
या वयात म्हणे! माझं माहेर इंडी तालुक्यातलं, सासर सोलापूर, वयानं मी तुमच्या पुढं आहे आणि विजापूरला अजून बसनंच जाते.

आधी बसचंच सांगते. २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना त्यांच्या राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. तुमच्या आधारवर सांगलीचा पत्ता, म्हणजे तुम्हाला पूर्ण तिकीट काढावं लागणार, आपल्या एसटीतलं अर्धं तिकीट हद्दीपलीकडच्या बसमध्ये चालत नाही. पण त्यामुळे बस बायकांनी भरलेली असते. शेजारची बाई कुठं उतरायचं ते सांगते, मुलं किती ते विचारते, यजमान का आले नाहीत तेही विचारते. उत्तर तयार ठेवा. विजापुरात मराठी बऱ्याच जणांना कळतं, नाहीतर दखनी हिंदी आहेच. अडचण फक्त पाट्यांची, त्या कानडीत. पाटी वाचायच्या भानगडीत न पडता कंडक्टरला विचारायचं. आणि २०१४ पासून नाव विजयपुरा झालंय, रेल्वे किंवा हॉटेल शोधताना तेच टाका, कारण नुसतं बिजापूर टाकलं की छत्तीसगडातलंही पुढं येतं.

मुक्काम: खाली शाकाहारी हॉटेल आणि वर खोल्या अशी जागा बघा, तिथं घरचा कुटुंबकबिला घेऊन लोक उतरतात. फोनवरच 'मी एकटी आहे, दोन रात्री राहणार' असं ठणकावून सांगा. जो घुटमळेल त्याला सोडा. अंधार पडायच्या आत पोचा, एवढं पाळलं तरी पुरे.

आता तुमचा 'वेडगळ' प्रश्न. वरच्या सज्जात जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून जिना आहे, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. गुडघे चांगले असतील तर घाबरू नका. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहली, नऊ-साडेनऊनंतर वर नुसता 'ओ ऽऽऽ' आणि शिट्ट्या, काही म्हणता काही ऐकू येत नाही. म्हणून सकाळी उघडलं रे उघडलं की आत शिरा. भिंतीला पाठ टेकून गप्प बसा. समोरच्या बाजूला, सुमारे ३८ मीटरवर, कुणी नवराबायको येतील आणि आपल्याला कोण ऐकतंय म्हणून बोलत राहतील. मला एकदा एका जोडप्याचं सासूबद्दलचं सगळं संभाषण घरबसल्या मिळालं. जोडीदार बरोबर असता तर मीच बडबडत बसले असते! तेव्हा एकटीचंच बरं. एक टाळी मात्र वाजवून बघाच, ती परत परत येते.

मग खाली येऊन मान वर करून बघा. एवढ्या मोठ्या चौकोनी दालनावर गोल घुमट बसवलाय आणि मध्ये एक खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी वर चढत जाऊन चौकोनाचा आधी अष्टकोन करतात आणि घुमटाचा भार भिंतींवर नेऊन टाकतात. ज्याच्या पदरी शहाजीराजे होते त्या मुहंमद आदिलशाहाची ही कबर. तो १६५६ साली गेला. दालनात दिसतात त्या नुसत्या खुणा, खऱ्या कबरी खालच्या तळघरात.

रानवारा७२ यांच्या 'एका दिवसात होतं' वर माझा राग आहे तो इब्राहिम रोज्यामुळे. ते शहराच्या पश्चिमेला, गोलघुमटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. गोलघुमट नुसता अवाढव्य आहे, सौंदर्य या इमारतीत आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर आणि तिच्यासमोर मशीद, दोन्ही एकाच चौथऱ्यावर. खिडक्यांच्या जाळ्या बघा, अक्षरंच कोरून त्यांची जाळी केली आहे. अक्षरांमधनं उजेड आत येतो. बाहेर ड्रायव्हर घड्याळ बघत उभा असला की हे दिसत नाही. दुपार उतरताना जा, सोबत पाणी घ्या, चौथऱ्यावर बसा. येताना मुलुखमैदान. ती तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात चिरडलेला हत्ती. बारा कमान संध्याकाळी, ऊन तिरपं असताना. दुसऱ्या अली आदिलशाहाची ही कबर अर्धवटच राहिली आणि मला पुऱ्या झालेल्या कितीतरी इमारतींपेक्षा तीच आवडते.

गोलघुमटाच्या आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

कृष्णाकाठची:
सासूबद्दलचं संभाषण!! आता तर जाणारच. जेवणाचं कसं? एकटीनं हॉटेलात टेबल अडवून बसायला मला अजून संकोच वाटतो.

भीमेपल्याड:
खानावळीत जा. तिथं टेबल तुमचं एकटीचं नसतंच, समोर कुणीतरी येऊन बसतं. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे आपली भरली वांगी, शेंगाची चटणी, दही. वाढणारा भाकरी संपायच्या आत दुसरी टाकतो, 'नको' हाताने ताट झाकूनच सांगावं लागतं. शेंगाची चटणी विकतही मिळते, पुढच्या प्रवासाला घ्या.

रानवारा७२:
बरं बरं, शब्द मागे घेतो. पण गुलबर्ग्याबद्दल माझं मत तेच.

मांजराकाठ:
मी मूळचा बिदरचा, पण गुलबर्ग्याची बाजू घेतो. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची, आणि तिला उघडं अंगणच नाही, सगळीच्या सगळी छताखाली. आत ओळीनं कमानी जातात. आपल्याकडे अशी दुसरी पाहिली नाही. किल्ल्याला थोडी उजाड कळा आहे, म्हणून ताई, तिथं भरदिवसाच जा. सूफी संत ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गाही करा, तिथं गर्दी आणि बायका-मुलं भरपूर. एवढ्याला अर्धा-पाऊण दिवस बास. मग हुमनाबादवरून बिदर.

बिदरला दोन रात्री द्या. बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा १४७२ चा, इराणी धाटणीचा, भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. ज्यानं तो बांधला त्याला दरबारातल्या लोकांनी खोटं पत्र दाखवून १४८१ मध्ये सुलतानाकडून मारवलं. किल्ल्यातला रंगीन महाल बहुतेक कुलूपबंद असतो, तेव्हा किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसाला आधी भेटा, विनंती केली तर उघडून दाखवतात. शिंपल्याचं जडावकाम काळ्या दगडात आहे, तेवढ्यासाठी विनंती करायला हरकत नाही.

बिदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत, तिथं रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याच्या वेळेचे पैसे आधीच बोलून घ्या. परतीला तिथं रिक्षा मिळत नाही. अहमदशाह वलीच्या कबरीत रंगकाम आहे पण अंधार, टॉर्च लागेल. शेजारी हुमायूनची कबर, वीज पडून अर्धी कोसळलेली, त्यामुळे घुमट केवढा जाड असतो ते आरपार दिसतं. हा बहमनी हुमायून, दिल्लीच्या हुमायूनशी संबंध नाही.

कृष्णाकाठची:
मनापासून आभार. बिदरी काम घ्यायचंय, सुनेसाठी छोटंसं. फसवणूक होऊ नये म्हणून काय बघू?

मांजराकाठ:
चौबारा म्हणजे जुन्या गावातला उंच बुरूज, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कारागीर बसलेले दिसतील, दुकानाआधी तिथं थोडा वेळ उभ्या राहा. जस्त आणि तांब्याच्या धातूत छिन्नीनं नक्षी खोदून तिच्यात चांदी ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून लावली की धातू काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. घेताना नक्षीवरनं बोट फिरवा, चांदी उचलल्यासारखी लागता कामा नये. छोटा लोहचुंबक पर्समध्ये ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, ती बिदरी नव्हे. सुनेसाठी कानातले किंवा लहान डबी बघा, फुलदाण्या जड असतात आणि तुम्हाला लातूरपर्यंत त्या मांडीवर घेऊन बसावं लागेल.