हंगामात निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते, चार-पाच महिने एकमेकांशी गाठ कशी ठेवायची?

शेवगावचे_गुरुजी

सर्वांना सलाम.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालो, आता हिशेबाची वही आणि चर्चच्या किल्ल्या माझ्याकडं. घरं चाळीसेक. दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर लागतात आणि त्यातली पंधरा-वीस घरं कुलूप लावून तोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार बेळगावच्या बाजूला. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, मार्च उजाडतो, कधी एप्रिल. नाताळाआधीचे आगमनाचे रविवार, नाताळ, वर्षाखेरची रात्रीची उपासना, सगळं त्यांचं उसाच्या फडात. आशियातला पहिला म्हणतात तो सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेची माणसं कोयता घेऊन दुसऱ्यांच्या जिल्ह्यात जातात. असो, तो विषय वेगळा.

इकडं मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. थंडीत म्हाताऱ्यांना साडेनवाच्या उपासनेला यायला होत नाही. आमचं चर्च दगडी, वर पत्रा, आत बाहेरच्यापेक्षा गार. म्हणून वेळ अकराची केली. तरी बाकावर दहा-बारा डोकी. पाळकसाहेबांकडं अजून पाच गावं आहेत, ते महिन्यातून दोनदा येतात.

गेल्या हंगामात तरुण संघानं उपासना मोबाइलवरून थेट दाखवली. बघणारे निघाले पुण्यातली दोन घरं आणि एक मुंबईचं. तोडीवरचं एकही नाही. रविवार असो की काही असो, खाडा केला की मुकादम पैसे कापतो, तर ते कुठून बघणार?

खरा घोर मला जानेवारीत लागला. आमच्या एक वयस्कर बाई प्रभूकडं गेल्या. मुलगा-सून कर्नाटकात. मुलाला निरोप पोचला तेव्हा तो गाडी भरत होता. तो गावात आला तोवर माती होऊन गेली होती. खांदा द्यायला आमची माणसं पुरेनात, शेजारच्या वस्तीवरची पोरं धावून आली म्हणून निभावलं. त्यानंतर तो मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, आई आजारी आहे हे तरी कुणी सांगायचं." खरं तर ती आजारी आहे हे चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, दोन रविवार तिच्यासाठी प्रार्थनाही झाली होती. फक्त ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत गेलं नाही.

तर विचारायचं ते हे. ज्यांची मंडळी अशी हंगामी फुटते, ते काय करतात? उपदेशाचे व्हिडिओ पाठवा असं कृपया सांगू नका.

कोयत्याची_लेक

गुरुजी, सलाम. मी पाथर्डीकडची. आई-वडिलांचा कोयता होता, म्हणजे दोघं जोडीनं ऊस तोडायचे. मी नववीपर्यंत कधी त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, कधी आजीजवळ. आता पुण्यात नर्स आहे. त्यामुळं दोन्ही बाजू माहीत आहेत.

तुम्ही आधी हे बघा की तुमची माणसं बैलगाडीवर आहेत की ट्रॅक्टरवर. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ एकाच जागी असतो, हंगामभर तिथंच. ट्रॅक्टर-ट्रकची टोळी मात्र आज या गावात, पंधरा दिवसांनी त्या गावात. पहिल्यांना भेटायला जाता येतं. दुसऱ्यांना फोनवरच गाठावं लागतं.

आणि वेळ. बायका पहाटे चारला उठतात, भाकरी थापतात. हात गुंतलेले असतात पण कान मोकळे असतात. माझी आई त्या वेळी चुलीपाशी फोन ठेवून ऐकायची. वडील बैलगाडीवर होते तेव्हा रात्री कारखान्याच्या गव्हाणीवर, ऊस उतरवायच्या जागी, नंबर लागेपर्यंत तास-तास बसून असायचे, ते तेव्हा ऐकायचे. म्हणून बोलून पाठवायचं, व्हिडिओ नको. पाच मिनिटांचा आवाज, कुठंही डाऊनलोड होतो, बॅटरीही खात नाही. कोपीत वीज नसते, चार्जिंग किराणा दुकानात पैसे देऊन करावं लागतं, हे विसरू नका.

त्यात काय बोलायचं? गावची खबर. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी किती, कुणाच्या आजीला खोकला, कोण दवाखान्यात. मग एक गाणं आणि शेवटी नावं घेऊन प्रार्थना. नावं घ्याच. आमच्या गावची पाळकीणबाई असं करायची. "टोळीतल्या सर्वांसाठी" असं मोघम नाही. माझ्या आईचं नाव, बापाचं नाव, बैलांची पण नावं. आई ते पुन्हा पुन्हा लावायची. बैलांच्या नावाला वडील हसायचे, पण ऐकायचे.

अजून एक. फोन बहुतेक पुरुषाच्या खिशात असतो. टोळीतल्या एका बाईला गाठ करा, जिच्याजवळ स्वतःचा फोन आहे. निरोप तिच्यामार्फत गेला तर सगळ्या कोप्यांत पोचतो.

वाळव्याचा_पाळक

गुरुजी, मी कारखान्याच्या बाजूचा, तुमची माणसं जिथं येतात तिथला. दरसाल नोव्हेंबरात आमच्याकडं तळ पडतो, त्यात नगर-बीडकडची काही घरं ख्रिस्ती निघतात. आम्हाला कळतं कसं? नाताळच्या आधी कुणीतरी पाचटाच्या कोपीवर कामट्यांचा तारा टांगलेला दिसतो तेव्हा! तोवर दीड महिना गेलेला असतो.

तुमच्याकडून मला एवढंच हवं असतं: माणसं निघतानाच एक चिठ्ठी. कोण कोण येतंय, कोणत्या कारखान्यावर, मुकादम कोण, नंबर काय. जवळच्या मंडळीच्या पाळकाला ती पाठवा, मग तो सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) असो की आणखी कुणाचा. आम्ही आपली माणसं शोधत तळ पालथा घालतो ते वाचेल.

भेटायला जाताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आधी मुकादमाला आणि जमलं तर चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, सांगायचं. कारखाना बंद पडला, पाऊस झाला, गव्हाण तुंबली, तो दिवस पकडायचा. लाऊडस्पीकर नाही. फक्त आपल्या घरांना भेटायचं, शेजारच्या कोप्यांत पत्रकं वाटत बसायचं नाही. दिवस कसे आहेत तुम्ही जाणता, आणि त्रास नंतर त्या मजुरालाच होतो. मोकळ्या हातानं जाऊ नये. थंडीत पोरांसाठी स्वेटर, बाईला खोकल्याचं औषध, याची किंमत तिथं गेल्यावर कळते. उपासनेला टाळ असला की झालं. रेव्हरंड टिळकांच्या काळापासून भजन-कीर्तन आपल्या अंगात मुरलेलं, त्याला पुस्तक लागत नाही नि दिवाही लागत नाही. शेकोटीभोवती चार भजनं झाली की दुसऱ्या कोपीतले वारकरीही टाळ घेऊन येऊन बसतात.

प्रभुभोजनही तिथं देता येतं, पण ते दीक्षित पाळकानंच द्यायचं, म्हणून तुमच्या पाळकसाहेबांनी आधी बोलून ठेवावं.

ब्रॅम्प्टनचा_नगरकर

विषय थोडा वेगळा आहे माझा, तरी लिहितो. मी नगरच्या सावेडीचा, आता कॅनडात. आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, भाड्याच्या हॉलमध्ये. डिसेंबरात इथं पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, बर्फ पडलं की ज्येष्ठ मंडळी गाडी काढत नाहीत, आणि काढूही नये. जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी लागोपाठ दोन महिने भेट होत नाही.

आम्ही घरं वाटून घेतली. प्रत्येक घराकडं दोन घरं, आठवड्यातून एक फोन, तोही बोलण्यासाठी, प्रार्थनेच्या नावाखाली हजेरी घ्यायला नाही. बुधवारी साध्या फोनवरून जोडता येईल अशी प्रार्थना ठेवली, कारण आजी-आजोबांना लिंक जमत नाही, आकडे दाबता येतात. व्हॉट्सअॅप गटाचं म्हणाल तर त्यात सुप्रभाताच्या फुलांचा इतका पूर आला की एका काकूंच्या ऑपरेशनचा निरोप त्यात वाहून गेला. तेव्हापासून निरोपाचा गट वेगळा, तिथं फक्त दोघं लिहितात.

साधा_सभासद

सगळं ठीक आहे, पण मंडळी म्हणजे एकत्र बसणं. फोनवर सगळं मिळायला लागलं तर एप्रिलमध्ये परत आल्यावर तरी कोण येईल? आमच्याकडं करोनानंतर हेच झालं.

कोयत्याची_लेक

दादा, तुमच्याकडचे लोक घरी सोफ्यावर होते. माझ्या आईला रविवारी बाकावर बसायला मिळालं असतं तर तिनं भाकरी थापताना फोन लावला नसता. पट्टा पडून आलो की पहिल्या रविवारी ती नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढं बसायची. यायचं की नाही हा प्रश्न फोनमुळं पडत नाही. परत आल्यावर कुणी ओळख दाखवतं का, त्यावर ठरतं.

शेवगावचे_गुरुजी

सगळ्यांचे आभार. वाचून दोन दिवस झाले, कालच्या मंडळीच्या पंचायतीत बोललो.

एक गोष्ट डोक्यातून जाईना. जुन्या मिशनच्या काळात, 1831 ला नगरला काम सुरू झालं त्यानंतरच्या पिढ्यांत, मिशनरी हिवाळा आला की तंबू घेऊन गावोगाव फिरायचे. रस्ते कोरडे, हवा बरी. आता हिवाळ्यात आमची माणसंच फिरतीवर आणि आम्ही चर्चला कुलूप घालून त्यांची वाट बघतो. हे पाळकसाहेबांना म्हटलं तर ते हसले नाहीत, डायरी काढली. कारखान्याच्या बंदचा दिवस आधी कळत नाही, म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा त्यांनी मोकळा ठेवलाय.

ठरलं ते असं. दिवाळीच्या आदल्या रविवारी निघणाऱ्यांना पुढं बोलावून प्रार्थना होते, ती आधीपासूनच आहे. त्याच दिवशी वहीत टोळी, कारखाना आणि एका बाईचा नंबर लिहून घ्यायचा. साधा_सभासद यांचं म्हणणं मी सोडून देत नाही. कापणीचा सण आम्ही नाताळच्या आधी करायचो, पीक घरात असतं म्हणून. पण तेव्हा निम्मं गाव नसतं. लिलावात अंडी, कोंबडी, भोपळे यांवर बोली लावायला माणूसच नाही, मीच माझ्या भोपळ्यावर बोली लावतो. या वर्षी तो सण एप्रिलमध्ये नेतोय. मंडळीतले दोघं वडीलधारे नाराज आहेत, म्हणतात शंभर वर्षांची पद्धत. शंभर वर्षांपूर्वी ऊसतोड होती का, असं विचारलं तर गप्प बसले. अजून पुरतं पटलेलं नाही त्यांना.

आवाजाचा निरोप शनिवारी रात्री पाठवायचा. पहिला काल करून बघितला. रविवारच्या शाळेची पोरं बोलवली, ज्यांचे आई-बाप तोडीवर आहेत ती. पाठ केलेलं वचन म्हणायला सांगितलं. पहिली तिसरीतली पोरगी, वचन म्हणून झालं तरी फोन सोडेना. म्हणाली, "आई, शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं आहे, त्याचं नाव तू ठेव." मग बाकीच्यांनीही वचनाच्या शेपटीला आपापलं लावलं: कुणाला चप्पल हवी, कुणाची परीक्षा, एकानं आजीची तक्रार केली. पाच मिनिटांचा निरोप अकरा मिनिटांवर गेला. पाळकीणबाई म्हणाल्या कापू नका, म्हणून नाही कापला.

आज पहाटे साडेचारला उत्तर आलं. मागं भाकरी थापल्याचा आवाज, आणि काळ्या पिल्लाचं नाव.

वाळव्याचे पाळकसाहेब, आमची चार घरं तुमच्या भागातल्याच कारखान्यावर बैलगाडीनं आहेत. नावं, मुकादमाचा नंबर आणि तळाची खूण तुम्हाला खाजगी निरोपात पाठवलीय. त्यातल्या एका घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, बाप्तिस्मा व्हायचाय. आई-बापाची इच्छा गावच्या चर्चमध्येच करायची आहे, तेव्हा तो विषय तुम्ही काढू नका. बाळाच्या अंगावर गरम काही आहे का तेवढं बघा.

वाळव्याचा_पाळक

मिळालं. तो तळ आमच्यापासून सात-आठ किलोमीटर. शुक्रवारी कारखाना धुलाईला बंद आहे असं ऐकतोय, नक्की कळलं की जातो. स्वेटर घरात आहे, धाकट्याचा, लहान झालेला. बैलांची नावं पाठवली नाहीत गुरुजी.