पैनगंगेत कयाक: नाल्यातून उतरायचं की सरळ कोलाड गाठायचं?

पाणकोंबडी (नांदेड)
ऑगस्टअखेर आम्ही तिघं पैनगंगेत कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) घालायचं म्हणतोय. नदीकाठाला उंच दरडी, काळ्या मातीचा चिखल. म्हणून इस्लापूरच्या वरच्या अंगाला नाल्यावरच्या पुलापासून उतरायचं, नाल्यातून नदीत, आणि सहस्रकुंड धबधब्याच्या बरंच अलीकडे बाहेर. लोक म्हणायलेत, मराठवाड्यात कुठलं आलंय खळाळतं पाणी? माझं मत, पावसाळ्यात असतं, आपण बघत नाही. बोला.

रोज_कोरडा (लातूर)
आपल्याकडं नदी एकतर कोरडी, नाहीतर पुरात. 2025 च्या सप्टेंबरात शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली, विसरलात? रायगडातल्या कोलाडला कुंडलिका नदीत भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी येतं, सोबत गाईड असतो. तिथं जा.

पाणकोंबडी
रात्रभर गाडीत बसून दोन तासांची होडी? पूर ओसरताना इथंच मजा आहे. इसापूर धरणाचा विसर्ग बघूनच निघणार.

मोटारवाला (हदगाव)
दादा, नुसत्या इसापूरच्या आकड्यावर जाऊ नका. कयाधू नदी धरणाच्या खाली येऊन मिळते. हिंगोली-कळमनुरीकडं रात्री झोडपलं की धरणाची दारं बंद असूनबी सकाळी नदी फुगलेली. नाल्याचं तर विचारूच नका, बघता बघता चढतो.

आणि नदीत आमची पाणी उपसायच्या मोटारीची केबल, पाइप असतात. पावसाळ्यात मोटार वर काढतो, केबल कुणी तशीच ठेवतो. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं काढलेली दिसतात म्हणून मधून जाऊ म्हणाल, तर खांबांमधी ओंडके अडकलेले असतात. वाकलेल्या बाभळीचं तसंच. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकून राहतो.

कडेकडेनं (संभाजीनगर)
काका, तुम्ही सांगितलेलं बरंचसं उन्हाळ्यात काठानं चालत जाऊन टिपता येतं. ओंडके दरवर्षी नवे, ते मात्र निघायच्या आदल्या दिवशी परत बघायचे. तेवढ्यासाठी बेत रद्द करू नये.

माझं भांडण नाल्याशी आहे. कयाक थांबवायला खडकामागचं संथ पाणी लागतं. अरुंद नाल्यात ते मिळेलच असं नाही, आणि वळणापलीकडं झाड आडवं असेल तर संपलं. शिवाय तुमची सगळी चर्चा उतरायच्या जागेची चाललीय. आधी बाहेर पडायची जागा ठरवा! धबधब्याच्या वर दोन ठिकाणं हवीत, पहिलं हुकलं तर दुसरं, आणि दोन्हीकडं बुडणाऱ्याकडं फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन काठावर माणूस. पाण्यात पडलात तर पाय पुढं करून उताणं वाहायचं, उभं राहायचं नाही. पाय खडकात अडकला की प्रवाह डोकं खाली दाबतो. हे तिघांनाही येतं का?

रोज_कोरडा
पलीकडं पैनगंगा अभयारण्य, परवानगी लागते का ते वनखात्यात विचारलं? आणि रविवारी सहस्रकुंडाला जत्रा असते. तुम्हाला बघून पोरं ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन उतरतील, अंगात लाइफ जॅकेट नाही. त्यांना कोण काढणार?

पाणकोंबडी
गर्दीचं पटलं, मधल्या वारी जाऊ. वनखात्यातही विचारतो. पोहून सावरायचा सराव तिघांचा झालाय. पण नाला असा सोडणार नाही. आधी पायी बघू, अडचण दिसली तर होड्या खांद्यावर. काका, तुमच्याकडून नदीपर्यंत गाडीवाट आहे का? असेल तर नाल्याची गरजच नाही.

मोटारवाला
आहे की. पण पावसात ट्रॅक्टरबी फसतो तिथं.