रोजच्या ४५ किलोमीटरसाठी लहान गाडी: हलकी घ्यावी की टर्बो?

जुळे सोलापूरकर:
माझे घर जुळे सोलापुरात आणि नोकरी चिंचोळी औद्योगिक वसाहतीत, म्हणजे येऊन-जाऊन रोजचे साधारण ४५ किलोमीटर होतात. सकाळी केगावपर्यंत बाह्यवळणाने जातो. संध्याकाळी मात्र मुलीला शिकवणीहून घ्यायचे असल्यामुळे सात रस्त्यावरून शहरातूनच यावे लागते. बारा वर्षे वापरलेली हॅचबॅक आता काढायची आहे. घरच्यांचे म्हणणे आहे की शहाण्यासारखी गाडी घ्या. माझे म्हणणे एवढेच की रोजचा दीड तास जिच्यात जाणार, ती चालवताना कंटाळा येऊ नये.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालायला सोपे जाईल. ज्या लहान गाडीची ताकद रोजच्या रस्त्यावर पुरेपूर वापरता येते, तीच मजेची. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टचे १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन जेमतेम ८२ पीएसचे (पीएस म्हणजे ताकद मोजण्याचे अश्वशक्तीसारखे माप) आहे, पण गाडीचे वजन नऊशे-सव्वानऊशे किलोच्या घरात असल्यामुळे ती वळणावर हाताच्या इशाऱ्यासरशी फिरते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मनसोक्त ओढले, तरी हमरस्त्यावर काटा कायद्याच्या मर्यादेतच राहतो. १२० पीएसची टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरून ताकद वाढवलेली गाडी) घेऊन आसरा चौकाच्या सिग्नलवर उभे राहण्यात काय मजा आहे, हे मला कोणी समजावून सांगावे.

वैराग रोडचा प्रवासी:
मालक, आपण आसरा चौकातच गाडी चालवणार असाल, तर आपले बरोबर आहे. मी रोज सोलापूरहून वैरागला जातो आणि रस्ता दुपदरी आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीला मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला आणि उसाची वाढी दोन्ही बाजूंना लोंबत असलेली, असे चित्र दर चार-पाच किलोमीटरवर असते. तो ओलांडताना समोरच्या लेनमध्ये किती सेकंद राहावे लागते, यावर सगळे अवलंबून असते.

ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) देते आणि तोही १,५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून. स्विफ्टचा टॉर्क ११२ च्या आसपास असून तो पूर्ण मिळायला इंजिन ४,३०० पर्यंत चढवावे लागते. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना, एसी चालू, चार माणसे आत आणि डिकीत सामान, अशा वेळी ८२ पीएसची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकूनही ती कशी रडते, हे मी मित्राच्या गाडीत पाहिले आहे. तेव्हा माझ्या लेखी टर्बो हा शौक नाही, ती सुरक्षितता आहे. शिवाय एन लाइनमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल पर्याय मिळतो, त्यामुळे चालवण्याचा आनंद हिरावला जातो असेही म्हणता येत नाही.

होटगी रोड:
टर्बोबद्दल माझे बोट एकदा पोळले आहे, म्हणून लिहितो. माझी आधीची गाडी टर्बो पेट्रोल आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सची, म्हणजे दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणारी होती. कंपनीचे नाव घेत नाही. हमरस्त्यावर तिच्यासारखे सुख नव्हते. मात्र गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ अर्धा तास इंच-इंच पुढे सरकत असताना समोर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि गाडी जागेवरच थांबली. कोरडा क्लच असलेल्या अशा गिअरबॉक्समध्ये गाडी रांगत असते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि ती उष्णता काढून घ्यायला तेल नसते, हे मला मेकॅनिकने नंतर सांगितले. मागून हॉर्न, पुढे पाळणे, मुलगा विचारतोय की बाबा गाडी झोपली का. वॉरंटी संपलेली असल्यामुळे पुढचा खर्च किती आला, ते बायकोला अजूनही खरे सांगितलेले नाही.

टर्बो घ्यायचीच असेल तर मॅन्युअल घ्या, एवढ्यापुरते वैरागच्या प्रवाशांशी सहमत आहे.

हिशेबनीस:
आतापर्यंत एकानेही वही काढलेली नाही, म्हणून मी काढतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,१२५ किलोमीटर होतात. स्विफ्टचा अधिकृत आकडा लिटरला २४.८ किलोमीटर असला तरी शहर आणि एसी धरून १८ मानू. महिन्याला ६२.५ लिटर लागेल आणि १०५ रुपये दराने सुमारे ६,५६० रुपये होतील. टर्बोने १४ दिले, तर ८० लिटर. हीच स्विफ्ट सीएनजीमध्ये घेतली, किलोला २७ किलोमीटर आणि ९५ रुपये धरले, तर ३,९६० रुपयांत महिना भागतो. गाडीमागे नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजले तरी ते तीन वर्षांत वसूल होतात. तेवढ्यात मुलीच्या शिकवणीचे शुल्क निघेल.

सध्याच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करावा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या गाड्यांना मायलेजमध्ये सहा-सात टक्के फटका बसतो. आपण उसाच्या ट्रॉलीमागे अडकतो आणि तोच ऊस टाकीत घेऊन फिरतो, हे सोलापूरकराचे प्राक्तन आहे.

जुळे सोलापूरकर:
हिशेबनीस साहेब, वही बरोबर आहे, पण त्यात दोन नोंदी राहिल्या. सीएनजीवर हेच इंजिन ७० पीएसच्या खाली येते आणि डिकीत टाकी बसल्यावर आईला पंढरपूरला नेताना बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात. पंपावरची रांग तर आपण मोजलीच नाही.

वैरागच्या प्रवाशांचे म्हणणे मला दुपदरी रस्त्यापुरते शंभर टक्के मान्य आहे. मी त्या रस्त्यावर रोज गेलो असतो, तर मीही टर्बोच घेतली असती. माझा पुणे रस्ता चौपदरी आहे, तिथे समोरून वाहन येण्याची धास्ती नाही. (उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचा विषय इथे काढत नाही, धागा भरकटेल.)

आणखी एक गोष्ट कोणी बोललेच नाही, ती म्हणजे टायर. एन लाइनला १९५/५५ आर १६ येतात, स्विफ्टच्या वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५. रिम आणि रस्ता यांच्यात पहिल्यात १०७ मिलिमीटर रबर उरते, दुसऱ्यात १२०. तेरा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढे, पण शहरात जलवाहिनीसाठी खोदून नुसत्या मुरमाने बुजवलेल्या चरांवरून रोज जाणाऱ्याला त्याची किंमत कळते. नव्या गाडीचे देखणे मोठे चाक मला सोलापुरात परवडणारे वाटत नाही.

सैफुल:
एवढा विचार करता, मग जुनी स्विफ्ट का नको? २०२१ ते २०२४ दरम्यानच्या गाडीत चार सिलिंडरचे ९० पीएसचे इंजिन होते, ते वर चढताना जो गोड आवाज देते तो नव्या तीन सिलिंडरमध्ये नाही. सिग्नलवर उभे असताना नव्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये जाणवणारी बारीक थरथर मला तरी खटकली. वर पैसेही वाचतील.

दोन मुलांचा बाप:
सैफुलकरांशी माझे टोकाचे मतभेद आहेत. आधीच्या पिढीच्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला होता. टाटाच्या अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्येच पाच मिळाले होते. ज्या माणसाची मुलगी रोज शेजारच्या सीटवर बसणार आहे, त्याला आपण इंजिनचा आवाज ऐकवतो आहोत. नव्या स्विफ्टमध्ये सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत, निदान तेवढे तरी पाहा. माझ्या मते अल्ट्रोझचे साधे पेट्रोल इंजिन थोडे सुस्त असले, तरी गाडी हमरस्त्यावर जमिनीला धरून चालते आणि मागे माझी दोन्ही मुले न भांडता बसतात.

वैराग रोडचा प्रवासी:
बापसाहेबांचा मुद्दा रास्त आहे. मात्र जुळे सोलापूरकरांना एक विनंती आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी उपकरासह २९ होता. एन लाइनही त्यात बसते. तेव्हा एकदा दोन्ही गाड्यांची चाचणी घ्या, आणि ती शोरूमवाल्याच्या ठरलेल्या फेरीवर नको. दुपारी दोन वाजता, एसी चालू ठेवून, चार माणसे बसवून घ्या.

जुळे सोलापूरकर:
आजच घेतली. मी, आई, मुलगी आणि विक्रेता, असे चौघे होतो. बाह्यवळणाच्या चढावर स्विफ्ट चौथ्या गिअरमध्ये खरोखर दबली. तिसरा टाकला, काटा चार हजारांच्या पुढे गेला आणि ती निघाली. त्या क्षणी मला हसू आले, आईने दरवाज्यावरचे हँडल धरले. नंतर एन लाइन चालवली. गिअर न बदलता तोच चढ कधी संपला हे कळलेच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. केगावजवळच्या चरातून मात्र तिने पाठीला निरोप पाठवला.

अल्ट्रोझची चाचणी रविवारी आहे. मुलीने मागच्या सीटवर दप्तर घेऊन बसून पाहायचे ठरवले आहे.